खांबांवरची झाडं

१० सप्टेंबर

आज कुतैबा टेप घेऊन गच्चीवर आला. मी पुदिन्याला पाणी घालत होते. हा झाडांच्या एका हौदापासून दुसऱ्यापर्यंत टेप ताणतोय, कठड्यावर पेन्सिलीने खुणा करतोय, तोंडाने आकडे पुटपुटतोय. "आई, टोक धर जरा." धरलं. नंतर लक्षात आलं, आपण कशाचं टोक धरून उभ्या आहोत!

इकडे स्वयंपाकघर. तिकडे झोपायची खोली, पश्चिमेला, लुबनाला संध्याकाळचं ऊन आवडतं म्हणून. "आणि इथे?" मी विचारलं. तो लिंबाच्या हौदापाशी होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "इथे दिवाणखाना."

त्याचे वडील लिंबाखालीच बसलेले, रोजच्या खुर्चीत. टेप त्यांच्या गुडघ्यांवरून गेली.

"बाबा, पाय जरा आत घ्या."

"बरं," ते म्हणाले आणि पाय आत घेतले.

११ सप्टेंबर

सकाळपासून डोकं चढलंय. मकलूबाचा भात खाली लागला, उलटला तर अर्धा पातेल्यालाच चिकटून राहिला. लिहून टाकते, म्हणजे निदान पोटातून बाहेर पडेल.

गच्ची कुतैबाची आहे. हे कोण नाकारतंय? इर्बिदमध्ये घर बांधताना वरच्या खांबांच्या सळ्या कोणी कापतं का? पोरगा मोठा होईल, लग्न ठरेल, त्याचा मजला चढेल, म्हणून सळ्या तशाच उभ्या ठेवायच्या. आमच्याही राहिल्या. मग कुतैबा अबू धाबीला गेला आणि एके दिवशी फोनवर म्हणाला, "बाबा, मी काही परत येत नाही. माझ्यासाठी वाट बघू नका." त्या दिवशी अबू कुतैबा जेवले नाहीत. पुढच्याच आठवड्यात विटा आणल्या.

कुतैबाचे वडील म्हणून सगळे त्यांना अबू कुतैबा म्हणतात, मीसुद्धा. आणि मी उम्म कुतैबा. माझं इन्साफ हे नाव आता फक्त दवाखान्याच्या चिठ्ठीवर उरलंय.

जन्म बांधकामावर मुकादमी करण्यात गेलेला. वजन कुठे ठेवावं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. भिजलेल्या मातीने भरलेला मोठा हौद गच्चीच्या मधोमध ठेवला तर खालच्या छताला तडा जाणारच. म्हणून एकेक हौद नेमका एकेका खांबाच्या डोक्यावर बांधला, सळ्यांना पोटात घेऊन. आतून डांबराचा कागद, तळाला भोक, भोकावर खडी, आणि मातीत तो काळा हलका दगड मिसळलेला, वजन कमी व्हावं म्हणून. पश्चिमेला अंजीर आणि डाळिंब, वारा अडवायला. सळ्यांच्या टोकांवरून तार ओढून तिच्यावर द्राक्षवेल. जिन्याच्या तोंडाशी जाई, म्हणजे वर येणाऱ्याला आधी वास यावा. समोर नारिंग. आणि मधल्या खांबावर लिंब, पिवळ्या आंबट लिंबांचं. ते लावताना हात झटकत म्हणाले होते, "हे तुझं."

गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. शेजारची उम्म सख्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई! तुझ्या नवऱ्याने सुनेच्या घरात झाडं लावून ठेवली!" आम्ही किती हसलो होतो. अबू कुतैबा सगळ्यात जास्त.

आता पोरगा परत आलाय. तिकडची नोकरी गेली, इकडे नवी लागली, लुबना पसंत पडली. चांगली मुलगी आहे. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

१२ सप्टेंबर

त्यांना समजतं का?

अर्धांगाचा अटॅक आल्यापासून उजवा हात लुळा, चालणं काठीवर आणि तोंडात एकच शब्द. "बरं." चहा हवा का? बरं. दुखतंय का? बरं. सकाळी टीव्हीवरची बाई बातम्या सांगते, तिलाही बरं. डॉक्टर म्हणाला, "समजत असेल, नसेलही. बोलत राहा." एवढं सांगायला शिकला तो!

१७ सप्टेंबर

आज लुबनाचे वडील अबू निदाल आले. सोबत दोन भाऊ, इस्त्रीच्या कपड्यांत. मी सकाळीच अबू कुतैबांना पांढरा शर्ट घातला, बटणं लावली, दाढी केली. ते दिवाणखान्यात मान ताठ करून बसले होते. कोणाला वाटलं असतं, आता उठून हात मिळवतील.

मी कॉफी पाठवली. अबू निदालनी पेला हातात घेतला आणि तसाच समोर ठेवला. प्यायले नाहीत. मी दाराआडून बघत होते. काही मागायचं असल्याशिवाय कोणी कॉफी अशी ठेवत नाही. भावांनीही आपापले पेले खाली ठेवले.

"अबू कुतैबा," ते म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा आहे. पण माझी मुलगी भाड्याच्या घरात जायची नाही. पाऊस लागायच्या आत वर स्लॅब पडेल, असा शब्द द्या, मग तुमची कॉफी घेतो."

कुतैबा तोंड उघडणार तेवढ्यात अबू निदालनी हात वर केला. "तू नाहीस, बेटा. घराचा मोठा बोलेल."

घराचा मोठा! अबू कुतैबा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. मग म्हणाले –

"बरं."

आणि सगळे हसले, मोकळे झाले! "अल्लाह घर भरलेलं ठेवो!" पेले उचलले गेले, प्यायले गेले, पुन्हा भरले गेले. कुतैबाने बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. काय करणार होते? बाहेर येऊन सांगू, की अहो, हा माणूस टीव्हीलाही हेच म्हणतो? शब्द दिला गेला. कॉफीवर दिला गेला. आता तो घराचा शब्द.

२१ सप्टेंबर

मिस्त्री दीब येऊन गेला. गोड माणूस, पण हातात पहार. जाईच्या हौदाची कडेची माती उकरली, आत हात घातला, आणि डोकं हलवत बसला.

"उम्म कुतैबा, बघा तुम्हीच."

बघितलं. जाईची मुळं सळ्यांना अशी वेढून बसलेली, की कुठे लोखंड संपतं नि कुठे मूळ लागतं ते कळेना. इतक्या वर्षांचं पाणी, इतक्या वर्षांची माती.

"मुळं छाटून झाड दुसरीकडे हलवता नाही येणार?"

"छाटतो की. मग झाड नाही राहणार, काठी राहील."

"मग खांब जरा बाजूला घ्या ना!" मी असं खरंच म्हणाले.

दीब हसला. "खांब काय फुलदाणी आहे, इकडची उचलून तिकडे ठेवायला? अबू कुतैबांनी पक्क्या जागी बांधलंय सगळं. इतक्या पक्क्या, की आता हौद फोडल्याशिवाय सळीला हात लावता येत नाही." मग चहा मागितला, आणि लिंबाखाली बसून मिटक्या मारत प्यायला. जाताना म्हणाला, "जागा छान आहे हो. ऑलिव्हचा मोसम उरकला की कामाला लागू."

दुसऱ्या कोणी दुसऱ्या कुठल्या गावात मोकळ्या जागेत कुंड्या ठेवल्या असत्या. उचलून नेल्या असत्या. आमच्याच माणसाला खांबाचं डोकं दिसायचं होतं!

२४ सप्टेंबर

कुतैबा: "आई, बाबांना तू सांग."

मी: "बाप तुझा, मजला तुझा. तूच सांग."

कुतैबा: "तुझं ऐकतात ते."

मी: "माझं? ते फ्रिजचंसुद्धा ऐकतात. बरं म्हणतात."

कोणीच सांगितलं नाही. अबू कुतैबा तिथेच दोन पावलांवर शेंगा सोलत बसले होते, डाव्या हाताने. त्यांच्यासमोर आम्ही सगळं बोलतो आता, जणू भिंत आहे.

२५ सप्टेंबर

लुबना आली होती. फार्मसीतल्या कामावरून थेट, अंगाला औषधांचा वास. गच्चीवर गेली, अबू कुतैबांच्या हाताचं चुंबन घेतलं, मग जाईची दोन फुलं कानाशी खोचली.

"मावशी, मधलं एखादं झाड ठेवता येणार नाही का? आम्ही त्याच्याभोवती राहू."

"दिवाणखान्यात झाड?"

"मग काय झालं? पाहुणे कमी येतील."

मला हसू आलं. मग रडू आलं, तर तीही रडायला लागली. मधल्या खांबाशिवाय स्लॅब उभी राहत नाही हे तिलाही ठाऊक आहे.

३ ऑक्टोबर

डाळिंबाच्या पानांच्या कडा तपकिरी. करपल्यासारख्या. आत्ता? उन्हाळ्यात टिकलं नि आता करपलं?

पाणी जास्त घातलं.

६ ऑक्टोबर

अंजिराने पानं टाकली. ही काही पानं टाकायची वेळ नव्हे. खालची फरशी झाडून झाडून हात दुखले.

९ ऑक्टोबर

उम्म सख्र वर आली, पाहणी करून गेली. आधी म्हणे नजर लागली. तुरटी जाळ. जाळली. तुरटी फुगली, तिच्यात तिला एक बाईचं तोंड दिसलं, आणि ती बाई तिच्या धाकट्या जावेसारखी दिसत होती. तिला सगळं वाईट तिच्या जावेत दिसतं!

मग जिन्यात थांबून हळूच म्हणाली, "नजर-बिजर राहू दे. झाडं मेली तर कोणाचं काम सोपं होतं, तेवढं बघ."

"म्हणजे?"

"मी काही म्हटलं नाही." आणि गेली. असं पेटवून जायची तिची जुनी सवय.

१०–११ ऑक्टोबर

काही नाही. नुसती बघत बसले.

१४ ऑक्टोबर

अजलूनहून भावाने ऑलिव्हची पोती पाठवली. हिरवे, कडक, चांगले. गच्चीवर चादर अंथरून आम्ही बसलो. अबू कुतैबांनी डाव्या हाताने दगड धरून एकेक ऑलिव्ह ठेचला, एकही फुकट गेला नाही. ह्या कामात ते अजून माझ्यापेक्षा चांगले.

आणि ते मुरवायला खारं पाणी करायला बघते तर काय – खडेमिठाचं पोतं निम्म्यावर! जिन्यावरच्या खोलीत ठेवलं होतं, नवं कोरं. मी तशीच उतरले, वाण्याकडे गेले.

"अबू रियाद, अर्धं पोतं विकता आता?"

"उम्म कुतैबा, वल्लाह, शिवलेलं पोतं होतं! तुमच्या समोर उचललं!"

"मग मिठाला पाय फुटले का?"

सगळं दुकान ऐकत होतं. बिचारा लाल झाला, वर दुसरं पोतं फुकट देत होता, मी घेतलं नाही. चार शब्द ऐकवून आले, तेवढंच हलकं वाटलं.

खाऱ्या पाण्यात अंडं सोडलं, तरंगलं की मीठ पुरेसं. बुडालं. आणखी मीठ. पुन्हा बुडालं. अबू कुतैबांनी बोटाने अंड्याला हळूच ढोसलं, मग स्वतःच आणखी दोन मुठी टाकल्या. अंडं तरंगलं, वर नाण्याएवढी टिकली दिसली. "बरं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. खूप दिवसांनी.

१८ ऑक्टोबर

वेलही गेला. घड वेळेवर काढले होते म्हणून निदान ते मिळाले. पानं अशी कुरकुरीत की हात लावला तर चुरा.

नारिंगाच्या टोकाच्या फांद्या वाळताहेत. लिंब अजून धडधाकट. जाईही.

रोज सकाळी वर जाताना भीती, आज काय बघावं लागणार. आणि मग वाटतं, मी कशाला घाबरतेय? दोन आठवड्यांनी दीब येऊन फोडणारच आहे. मरणाऱ्याला औषध देत बसलेय. तरी देतेय.

२१ ऑक्टोबर

डाळिंबाच्या मातीवर पांढरा थर दिसला. आपल्याकडच्या पाण्याचा क्षार सगळीकडेच बसतो, केटलीतही बसतो, म्हणून इतके दिवस दुर्लक्ष केलं. आज तो खरवडताना बोट सहज तोंडात गेलं.

मीठ!

अंजिराची माती चाखली. मीठ. वेलाची. मीठ. नारिंगाच्या मातीत तर खडे अजून विरघळलेही नव्हते. मी वेड्यासारखी एकेका हौदातली माती चाखत फिरत होते. अबू कुतैबा खुर्चीतून बघत होते.

वाण्याची माफी मागायला हवी. पण कुठल्या तोंडाने मागू!

संध्याकाळी सिगारेट ओढायला वर कोण जातं? रोज. एकटं.

२२ ऑक्टोबर

व्हायचं ते झालं.

कुतैबा कामावरून आला, जेवायलाही बसला नव्हता. गच्चीवरच गाठला. मी म्हटलं, "उंदरालासुद्धा लोक एका झटक्यात मारतात, कुतैबा. हे असं मूठ मूठ घालून कोण मारतं?"

त्याला आधी कळेना. मग मी मातीचं ढेकूळ त्याच्या हातात दिलं, चाख म्हटलं. त्याने चाखलं.

"आई, मी?" तो म्हणाला. "अगं, मी हौद फोडणार आहे. उघड फोडणार आहे, दिवसाढवळ्या, मिस्त्री लावून! मला चोरून मीठ घालायची काय गरज?"

बरोबर होतं त्याचं. आता लिहिताना कळतंय. तेव्हा माझ्या डोक्यात उम्म सख्र बोलत होती. मी म्हटलं, "गरज अशी, की बापाच्या डोळ्यांत बघून फोडायची तुझ्यात हिंमत नाही."

पोरगा पांढरा पडला.

आणि अबू कुतैबा! खुर्चीतून उठायची धडपड करत होते. "बरं! बरं! बरं!" मोठ्याने, अगदी ओरडून, काठी फरशीवर आपटत, छातीवर डावा हात मारत. असे मी त्यांना अटॅकनंतर कधी पाहिले नव्हते. आमच्या भांडणाने पुन्हा काही व्हायचं म्हणून आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना खाली नेलं. खालीही ते मला सोडेनात. माझ्या डोक्यावरचा रुमाल ओढून धरलेला. "बरं," ते म्हणत राहिले. मी थोपटत राहिले. गोळी दिली, मग निवले.

कुतैबा न जेवता बाहेर गेला.

२३ ऑक्टोबर

आठवड्यातला पाण्याचा दिवस. नळाला आलं तसं टाकीत न चढवता हौदांत सोडलं. मीठ खाली वाहून जाईल म्हणून. घरात आठवडाभर पाणी लागतं हे विसरले. आता भांडी तशीच, कपडे तसेच, नमाजाआधीच्या वुजूसाठी शेजारून बादली आणली. आणि गच्चीवरून खारं पाणी ओघळून खालच्या गाड्यांवर! गल्लीत बोंब झाली.

डाळिंबाला काही फरक नाही.

जिन्यावरच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे असं कुतैबाला सांगितलं. खरं तर नेहमीच्याच खिळ्याला, खाली दिवाणखान्यात, अबू कुतैबांच्या खुर्चीमागे.

२६ ऑक्टोबर

कुतैबा कामासाठी अम्मानला. दोन-तीन दिवस, म्हणाला. दारातून म्हणाला, आत आला नाही.

घर इतकं गप्प आहे की फ्रिजचा आवाज त्रास देतोय. अबू कुतैबा सारखे माझ्या मागे मागे. मी भाजी चिरते तर समोर येऊन बसतात, माझ्याकडे बघतात. काय हवंय? चहा? बरं. आणला तर पीत नाहीत.

२९ ऑक्टोबर

आता जाई. कळ्या न उमलता गळताहेत. तो जायच्या आधीच घालून गेला असणार, मीठ हळूहळू भिनतं.

असं लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. हा माझा मुलगा आहे. लहानपणी अंगणात मेलेली चिमणी पुरून तिच्यावर पाणी घालायचा, पुन्हा उगवेल म्हणून.

१ नोव्हेंबर

कुतैबा आला. बॅग दारात टाकली आणि सरळ बापासमोर जमिनीवर बसला. त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, मला मजला नको. जी उरलीत ती झाडं राहू द्या. लुबनाच्या वडिलांना मी सांगून येतो."

मी स्वयंपाकघराच्या दारात. आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही.

अबू कुतैबा त्याच्याकडे बघत होते. आम्ही दोघं "बरं"ची वाट बघत होतो. पहिल्यांदाच ते आलं नाही. त्यांनी हात सोडवून घेतला आणि मान वळवली.

"रागावले माझ्यावर," कुतैबा मला नंतर म्हणाला. "तुझ्यासारखं त्यांनाही वाटतंय, मीच."

मी त्याच्या ताटात भात वाढला, तो खात नव्हता तरी आणखी वाढला.

३ नोव्हेंबर

लुबनाचा फोन. "मावशी, मी भाड्याच्या खोलीत राहीन, मी जमिनीवर झोपेन, पण बाबा ऐकतच नाहीत!" मागून अबू निदालचा आवाज स्पष्ट येत होता – "त्या घराने कॉफीवर शब्द दिलाय! मी कुतैबाचा शब्द नव्हता घेतला, त्याच्या बापाचा घेतला होता!"

स्पीकर चालू होता. अबू कुतैबा बाजूलाच.

कोणाचं काय बरोबर, मला कळेनासं झालंय. मुलगा सोडायला तयार, मुलगी सोसायला तयार, झाडं मरायला तयार. आणि मी एकाच्याही उपयोगाची नाही. सकाळी उठते, स्वयंपाक करते, माती चाखते.

४ नोव्हेंबर

उद्या-परवा लुबनाकडचे अंगठी परत पाठवणार म्हणे. उम्म सख्रला माझ्याआधी कळलं.

५ नोव्हेंबर

आभाळ भरून आलंय. दीबने फोन करून विचारलं, काय ठरलं? कुतैबा म्हणाला, "काही नाही." फोन ठेवून गच्चीवर न जाता बाहेर रस्त्यावर उभं राहून त्याने सिगारेट ओढली. आता तो वर जातच नाही.

लिंब हिरवंगार. फळं पिवळी व्हायला लागली.

६ नोव्हेंबर

दुपारी कपडे काढायला वर गेले. खुर्ची रिकामी. जिन्यावरच्या खोलीचं दार सताड उघडं, किल्ली कुलपातच लटकत होती.

अबू कुतैबा लिंबाच्या हौदाला कमरेने टेकून उभे होते. काठी खाली पडलेली. शर्टाच्या खिशातून मीठ सांडलेलं, डाव्या हाताची मूठ गच्च मिटलेली, बोटांच्या फटींतून खडे गळत होते.

मी ओरडले नाही. ज्या माणसाचं बटण मी लावते, त्याने एका हाताने मूठ मूठ नेऊन सगळी बाग संपवली होती. पोराला जिवंत बाग फोडावी लागू नये म्हणून. कॉफीवरचा शब्द त्यांनी समजून दिला होता, खरोखरच दिला होता! आणि मी पोरावर आळ घेतला तेव्हा छाती बडवून 'मी, मी' सांगत होते, तर मी गोळी दिली.

लिंबाला मात्र अजून घातलं नव्हतं. माझं म्हणून शेवटी ठेवलं होतं.

त्यांनी मूठ माझ्यासमोर उघडली. "बरं?" म्हणाले. विचारलं. हा शब्द त्यांनी विचारलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी हात पुढे केला. त्यांनी अर्धं मीठ माझ्या तळव्यावर ओतलं.

खालून कुतैबाने हाक मारली. "आई! काय चाललंय वर? येऊ का?"

"नको येऊस," मी म्हटलं. "झाडांना पाणी घालतोय आम्ही."